ॲव्हरेज पडलं की आधी चाक फिरवून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १२५ सीसीची बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतली) मोटारसायकल, ३१ हजार किलोमीटर पळालेली. रोज कोल्हापुरात रंकाळ्याकडून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जाणं-येणं, दिवसाला ४५ किलोमीटर धरा. पहिली दोन वर्षं ५८ च्या आसपास ॲव्हरेज मिळायचं, आता ४६ वर आलंय. सर्व्हिसिंगला दाखवली तर "ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आलंय, सगळ्यांचंच पडलंय" असं सांगून परत पाठवली. एक मित्र म्हणतो टाकीत टॉनिकची बाटली ओत, दुसरा म्हणतो पुढच्या स्पॉकेटचा (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राचा) एक दात वाढव. कुणाचं ऐकायचं?

तूर्तास कुणाचंच नको. मी उद्यमनगरात सत्तावीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय. "ॲव्हरेज देत नाही" म्हणून आलेल्या गाड्यांपैकी इंजिन उघडावं लागलं अशा फार थोड्या. बहुतेकांचं पेट्रोल चाकात नाहीतर उजव्या मनगटात जात होतं. तुमची गाडीही त्यातलीच असावी असा माझा अंदाज आहे. तो का, ते सविस्तर सांगतो.

पहिला प्रश्न मी तुम्हालाच विचारणार: ४६ हा आकडा आला कुठून? मीटरवर दिसतो तो असेल तर त्यावर फार विसंबू नका. कॉम्प्युटरनं इंजेक्टर किती वेळ उघडला त्यावरून काढलेला तो अंदाज असतो. "दोनशेचं टाकलं, तीन दिवस गेलं" हा हिशेब तर हिशेबच नव्हे. गाडी साइड स्टँडवर तिरकी असली की काटा वेगळं दाखवतो, डबल स्टँडवर वेगळं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना निदान रिझर्व्हचा कॉक होता. रिझर्व्हला लागल्यापासून पुन्हा रिझर्व्हला लागेपर्यंत मोजता यायचं. इंजेक्शनच्या गाडीत तो प्रकार नाही.

खरी पद्धत एकच, टाकी ते टाकी. एकच पंप, जमलं तर एकच नोझल, गाडी डबल स्टँडवर, आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तिथं थांबायचं. किलोमीटर लिहून घ्यायचे. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की परत तिथंच, तशीच भरायची. समजा ३१२ किलोमीटरला ६.४ लिटर बसलं, तर झालं पावणेएकोणपन्नास. मध्ये शंभर-दोनशेचं सुटं पेट्रोल टाकायचं नाही. आणि एका टाकीवर निकाल लावायचा नाही. चार लिटरच्या भरण्यात दोनशे मिलीची चूक झाली तरी पाच टक्के फरक पडतो, म्हणजे ५० चे साडेबावन्न नाहीतर साडेसत्तेचाळीस. तीन टाक्यांचे किलोमीटर एकत्र करा, लिटर एकत्र करा, मग भागाकार करा.

पहिल्या कटला थांबा म्हणालो त्याला कारण आहे. पंपावरचा पोरगा "आकडा गोल करतो" म्हणत पार झाकणापर्यंत भरतो. बीएस-६ गाड्यांना टाकीची वाफ साठवायला कोळशाचा छोटा डबा असतो. टाकी गळ्यापर्यंत भरली की उन्हात पेट्रोल फुगतं आणि त्या डब्यात शिरतं. मग गाडी सकाळी कुरकुर करायला लागते.

एक शंका मात्र काढून टाकतो. पहाटे भरलं की पेट्रोल जास्त येतं, ११० चं भरलं की काटा मारता येत नाही, हे सगळं सोडून द्या. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. मापाबद्दल खरंच संशय असेल तर पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं. ते मागून समोर मोजून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. पाच लिटरमागं २५ मिली इकडं-तिकडं चालतं, त्याहून जास्त नाही.

आता जाहिरातीतला आकडा. गाडीची चाचणी पुण्यात एआरएआयसारख्या संस्थेत रोलरवर होते. चाक फिरतं, गाडी जागेवरच. ठरलेल्या तक्त्याप्रमाणं वेग वाढवायचा, कमी करायचा, आणि सायलेन्सरमधून निघालेल्या धुरातल्या कार्बनवरून पेट्रोल किती जळलं ते काढायचं. तिथं समोरचा वारा नाही, उजळाईवाडीच्या पुलावर आडवा येणारा टेम्पो नाही, मागं बसलेला मेव्हणा नाही. त्या आकड्यापेक्षा रस्त्यावर पंधरा-वीस टक्के कमी मिळालं तर मी गाडीला दोष देत नाही. तुमचं मोजमाप तुमच्याच जुन्या ५८ शी करा, जाहिरातीशी नको.

ई-२० चं सांगतो, कारण आजकाल प्रत्येक दुखण्याला तेच नाव दिलं जातंय. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ताकद असते. म्हणजे दहा टक्के इथेनॉल मिसळलं की लिटरमागं सव्वातीन-साडेतीन टक्के ताकद कमी, वीस टक्के मिसळलं की साडेसहाच्या आसपास. दहावरून वीसवर गेलो तर फरक पुन्हा साडेतीन टक्क्यांचाच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही दुचाकींसाठी तीन ते चार टक्क्यांचीच घट धरली होती. म्हणजे तुमचे ५८ होते ते ५६ झाले असतील. ४६ होणार नाहीत. दोन किलोमीटर इथेनॉलच्या नावावर लिहा, उरलेले दहा शोधायचे आहेत.

इथेनॉलचा त्रास मला दुसरीकडं दिसतो, पावसाळ्यात. ते पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं. टाकीच्या झाकणाभोवतीचं पाणी जायला एक बारीक भोक आणि नळी असते. चिखलानं ती बुजली की झाकणाभोवती तळं साचतं आणि चावी फिरवली की आत. आपल्याकडच्या पावसात उघड्यावर लावलेल्या गाडीची ती नळी वर्षातून एकदा तार घालून मोकळी करावी. सर्व्हिसिंगच्या बिलात ही ओळ कधी दिसणार नाही.

आता मुद्द्यावर येतो, चाकावर.

गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, मागचं चाक हातानं जोरात फिरवा आणि सोडा. चेनचा ओढा असला तरी दोन-अडीच फेरे सहज व्हायला हवेत. एका फेऱ्याच्या आत थांबत असेल तर चोर सापडला. मग कुणाला तरी मागच्या कॅरिअरवर बसवून पुढचं चाक उचला आणि ते फिरवा. पुढं ड्रमब्रेक असेल तर चार-पाच फेरे हवेत. डिस्क असेल तर पॅड किंचित घासतातच, एक-दोन फेऱ्यांत थांबलं तरी चालेल, पण "खर्रर्र" करत लगेच अडकायला नको.

गेल्या उन्हाळ्यात एक जण अशीच १२५ घेऊन आला होता. दोन ठिकाणी फिरून आलेला. एकानं प्लग बदलला, दुसऱ्यानं इंजेक्टर साफ केला, आणि शेवटी "हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलावं लागेल" असं सांगितलं होतं. गाडी नुकतीच हायवेवरून आली होती. मी खाली बसून पुढच्या ड्रमला बोट लावलं आणि पटकन काढलं. चहाचा ग्लास धरवत नाही तेवढा गरम. पंधरा किलोमीटर तो माणूस ब्रेक लावूनच आला होता. ॲक्सिलेटरनं पेट्रोल जाळायचं आणि त्याच पेट्रोलनं ड्रम तापवायचा, असं महिनोन् महिने चाललं होतं.

कारण काय निघालं तर, २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एकत्र ब्रेक आलाय. मागचा पाय दाबला की थोडा पुढचाही लागतो. त्यासाठी मागच्या पायापासून पुढच्या चाकापर्यंत एक जादा केबल असते. कुणीतरी मागचा ब्रेक घट्ट करताना ही केबलही ताणून ठेवली होती, त्यामुळं पाय उचलला तरी पुढचे लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) ड्रमला चिकटलेलेच. नट चार आटे मागं घेतला, लायनर काढून ड्रममधली धूळ उडवली, कॅमला चिमूटभर ग्रीस लावलं. अर्ध्या तासाचं काम. हेड खोलायचे जे पैसे वाचले त्यात त्यानं दोन्ही टायर घेतले.

ब्रेकच्या पायाला दोन-अडीच सेंटिमीटर मोकळी चाल हवी, मगच लायनर टेकायला हवेत. आणखी एक बघा, कारण हे माणसाला स्वतःचं स्वतःला कळत नाही. रात्री गाडी चालवताना मागून येणाऱ्या मित्राला विचारा, "माझा ब्रेकलाइट सतत पेटतोय का?" पाय पेडलवर ठेवून गाडी मारायची सवय असलेली माणसं मी शेकड्यांनी बघितलीत. त्यांना शपथेवर विचारलं तरी "छे, मी ठेवत नाही" म्हणतात. दिवा खोटं बोलत नाही.

हवा. पंक्चरवाल्याकडं "हवा बघ" म्हटलं की तो पुढं तीस, मागं चाळीस मारून मोकळा होतो, नाहीतर टायरवर बुक्की मारून "आहे की" म्हणतो. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना पुढं २५, मागं एकटे असाल तर २८-२९ आणि डबलसीट असाल तर ४१ पीएसआय सांगितलेलं असतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा चेनकव्हरच्या आसपासच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात आहे. तो बघा, माझा धरू नका. मागच्या चाकाला एकट्याचा आणि दोघांचा आकडा एवढा वेगळा असतो हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. शनिवारी बायको-पोराला घेऊन जोतिबाला जायचं तर हवा वाढवून जा. हवा टायर थंड असताना, म्हणजे घरापासून किलोमीटर-दोन किलोमीटरच्या आत बघायची. ट्यूबलेसला एक खोड आहे. खिळा घुसला तरी ते महिनाभर हळूहळू सोडत राहतं आणि मालकाला पत्ता लागत नाही. तीन-चारशे रुपयांचा गेज डिकीत ठेवलात तर पंक्चरवाल्याच्या बुक्कीवर अवलंबून राहावं लागणार नाही.

टायरवरून आठवलं. मागचं टायर बदललंय का? कंपनीपेक्षा रुंद टाकलं की बघायला बरं दिसतं, पण ते ढकलायलाही जड जातं. पुढचं मोठं टाकलं आणि मीटरची केबल पुढच्या चाकातून येत असेल तर मीटर कमी किलोमीटर दाखवतो. मग ॲव्हरेज पडलंय की फक्त आकडा पडलाय तेच कळत नाही.

चेनबद्दल सगळे "सैल झाली का" एवढंच बघतात. घट्ट चेन जास्त वाईट. खालच्या बाजूला मधोमध बोटानं वर-खाली केली तर साधारण २० ते ३० मिलिमीटर हलायला हवी, आणि हे चाक थोडं थोडं फिरवून चार ठिकाणी बघायचं. जुन्या चेनला एक जागा घट्ट आणि एक सैल असतेच. सैल जागेवर ॲडजस्ट केली की घट्ट जागेवर ती बेअरिंग ओढते. माणूस गाडीवर बसला की चेन आणखी ताणते, हे लक्षात ठेवा. वॉशिंग सेंटरला डिझेल मारून, जेटनं धुऊन चेन चकचकीत करून देतात. दिसायला झकास, पण आतलं वंगण धुऊन गेलेलं असतं. घरी येऊन ९० नंबरचं गिअर ऑइल कड्यांच्या आतल्या बाजूनं सोडा, जास्तीचं पुसून टाका. गॅरेजात फुकट मिळणारं जळकं इंजिन ऑइल लावू नका, त्यात लोखंडाची भुकटी असते. चेनकव्हर पूर्ण बंद असलेल्या गाडीची चेन तर वर्ष-वर्ष कुणी बघतच नाही. कव्हरला बघायला रबरी बूच असतं, ते काढा आणि एकदा आत डोकवा.

इतकं केल्यावरही माझा अंदाज आहे की दहातले चार-पाच किलोमीटर परत मिळतील. उरलेले मनगटात आहेत, आणि हा भाग कुणाला ऐकायला आवडत नाही.

थोडा हिशेब करू. गाडी आणि तुम्ही मिळून १८५ किलो. ५० च्या वेगाला पोचायला जी ऊर्जा लागते ती साधारण १८ किलोज्यूल. एक मिली पेट्रोलमध्ये ३०-३२ किलोज्यूल असतात, पण इंजिन त्यातला चौथा हिस्सासुद्धा मुश्किलीनं चाकापर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे शून्यावरून ५० ला जायला अडीच मिली पेट्रोल. पुढं सिग्नल दिसतोय, तरी त्याच्यापर्यंत ॲक्सिलेटर पिळत गेलात आणि शेवटच्या दहा मीटरवर ब्रेक मारलात, की ते अडीच मिली ब्रेकच्या लायनरमध्ये गेले. संभाजीनगर, सायबर चौक, शाहू नाका असं करत एका फेरीत वीस वेळा असं केलंत तर ५० मिली. २२ किलोमीटरला तुम्हाला ५५ च्या हिशेबानं ४०० मिली लागतात. म्हणजे आठवा हिस्सा नुसत्या उगाचच्या ब्रेकवर.

पिकअप हळू घ्या असं मी म्हणत नाही हं. तिसऱ्या गिअरमध्ये मुंगीसारखं सरकत राहिल्यानं काही वाचत नाही. नीट पिकअप घ्या, लवकर वरचा गिअर टाका आणि मग हात स्थिर ठेवा. पुढचं लांबवर बघायचं, सिग्नल लाल दिसला की तिथंच ॲक्सिलेटर सोडायचा.

माझा एक जुना गिऱ्हाईक आहे, करवीर तालुक्यातल्या एका गावाहून रोज दूध घेऊन येतो. शंभर सीसीची गाडी, दोन्ही बाजूंना कॅन, वर एखादी पेंडीची पिशवी. एवढा बोजा घेऊन त्याची गाडी साठच्या पुढं देते. माझ्या गॅरेजमधले पोरगे चाट पडायचे. एकदा मी त्याच्या मागोमाग शहरापर्यंत आलो तेव्हा उलगडलं. कॅन पूर्ण भरलेले नसले तर दूध आत हेलकावे खातं. जोरात ब्रेक मारला की सगळं दूध पुढं येतं आणि गाडी माणसाला ढकलते. त्यामुळं त्याला ब्रेक मारणं परवडतच नाही. शंभर मीटरवर म्हैस दिसली की हा ॲक्सिलेटर सोडतो आणि गिअरमध्येच गाडी सरकू देतो. तोवर म्हैस रस्ता ओलांडते. पेट्रोल वाचवायचं त्याच्या डोक्यातही नसतं, तो दूध सांभाळत असतो.

त्याची गाडी कार्बोरेटरची. तुमच्या इंजेक्शनच्या गाडीत या सवयीचा फायदा आणखी जास्त. गाडी गिअरमध्ये आणि वेगात असताना ॲक्सिलेटर पूर्ण सोडला की कॉम्प्युटर पेट्रोल बंदच करतो. चाकच इंजिन फिरवत ठेवतं, थेंबही जळत नाही. उलट उतारावर न्यूट्रल केलंत की इंजिनाला स्वतःच्या पायावर उभं राहायला पेट्रोल लागतं. म्हणजे गगनबावड्याचा घाट उतरताना न्यूट्रल करणारा माणूस पेट्रोल वाचवत नसतो, वर इंजिनाचा ब्रेकही गमावतो, आणि करूळच्या वळणांवर लायनर तापून ब्रेक बसेनासा झाला की मग देवाचं नाव. घाटात चावी बंद करून उतरणारे तर वेगळेच महाभाग. कार्बोरेटरच्या गाडीत न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साचतं आणि चावी चालू केली की "फाट्" करून आवाज येतो. मी फुटलेले सायलेन्सर बघितलेत.

सिग्नलला गाडी बंद करावी का? हे मी स्वतः मोजलंय. जुन्या शंभर सीसीच्या गाडीला सलाइनची बाटली टांगून, त्यात शंभर मिली पेट्रोल घालून नुसती उभी चालू ठेवली होती. अर्ध्या तासाच्या आसपास चालली. म्हणजे मिनिटाला तीन-साडेतीन मिली. दोन मिनिटांच्या सिग्नलला सहा-सात मिली, आणि परत चालू करायला त्यामानानं काहीच लागत नाही. आकडा तीसच्या वर दिसला तर बंद करा, दहा सेकंदांसाठी खटाटोप नको. तुमच्या गाडीला आपोआप बंद व्हायची सोय असेल तर ते बटण चालू ठेवा. निम्म्या लोकांनी ते पहिल्याच दिवशी बंद केलेलं असतं.

हायवेचा भाग. उजळाईवाडीपासून पुढं तुम्ही किती वेगानं जाता ते लिहिलेलं नाही, पण रस्ता मोकळा असतो आणि सकाळी पंचिंगची घाई असते, त्यामुळं ८० धरतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ६० ऐवजी ८० केले की विरोध पावणेदोन पटीच्याही थोडा वर जातो. मोटारसायकलवर माणूस उभ्या फळीसारखा बसलेला असतो, त्यामुळं ६० नंतर इंजिनाची बहुतेक मेहनत हवा कापण्यातच जाते. आणि वाचतं काय? पंधरा किलोमीटरला ६० नं पंधरा मिनिटं, ८० नं सव्वाअकरा. पावणेचार मिनिटं. घरून पाच मिनिटं आधी निघा. जर्किनची चेन लावून घ्या, फडफडणारं जर्किन म्हणजे छोटं पॅराशूटच असतं.

गिअरबद्दल एकच. टॉपमध्ये ३० नं चालवून "बघा किती कमी आरपीएम" म्हणणं चूक. इंजिन "ठक ठक" करायला लागलं की ते रडतंय, खालचा गिअर टाका. पाच गिअरच्या १२५ ला पाचवा ४५-५० च्या पुढं.

आता इंजिन, शेवटी. इथं मी भरभर जातो, कारण बऱ्याच गोष्टी सर्व्हिसिंगमध्ये होतातच. ऑइल पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचंच घाला, जाड ऑइलनं इंजिन "गुळगुळीत" वाटतं पण फिरायला जड होतं. एअर फिल्टर तेलकट कागदाचा असेल तर हवा मारून साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. ३१ हजारांत तो निदान एकदा बदललेला असायला हवा, बिल बघा. प्लगची फट आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, बघून घ्या. क्लचच्या दांड्याला टोकाशी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मोकळी चाल हवी, नाहीतर क्लच अर्धवट सुटलेलाच राहतो. चढाला इंजिनाचा आवाज वाढतोय पण गाडी तेवढी ओढत नाही असं वाटलं तर क्लचप्लेट संपत आल्यात.

इंजेक्शनच्या गाडीची एक खास गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती मी तीन-चार वेळा तरी पकडलीय आणि ती स्कॅनरवर दिसेलच असं नाही. इंजिनातून सायलेन्सर निघतो तिथं एक गॅस्केट, म्हणजे जोड गळू न देणारी चकती असते, आणि थोडं पुढं ऑक्सिजन सेन्सर. ते गॅस्केट गळायला लागलं की प्रत्येक फटक्यासरशी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं धुरात हवा जास्त आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. तो कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर बिचारा इमानदारीनं पेट्रोल वाढवत राहतो. खूण काय? सकाळी थंड गाडी चालू केली की हेडजवळून बारीक "चुक् चुक्" असा आवाज येतो आणि जोडावर काळी काजळी दिसते. गॅस्केट स्वस्तातलं असतं. सायलेन्सर रंगवायला किंवा दुसरा टाकायला कधी काढला होता का, ते आठवून बघा. जुनंच गॅस्केट परत बसवलं की हमखास हे होतं. मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटत असेल तर मग बाकी काही न बघता आधी स्कॅनर लावा.

मित्रांचे दोन सल्ले राहिले. टाकीतलं टॉनिक, पेट्रोलच्या पाइपला लावायचं चुंबक, आमच्या लहानपणी डांबरगोळ्या टाकायचे ते, हे सगळे एकाच घरातले. पंपावरचं महागडं पेट्रोलही तुमच्या इंजिनाला काही जास्त देणार नाही, ते जास्त दाबाच्या इंजिनांसाठी आहे. स्पॉकेटचा दात वाढवला तर मोकळ्या सपाट रस्त्यावर थोडा फायदा होतो हे खरं, पण शहरात तुम्ही एक गिअर खालीच चालवणार आणि क्लच जास्त घासणार. तुमच्या रस्त्याला तो सौदा नको.

या बाबतीत माझेही हात स्वच्छ नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत गिऱ्हाईक "ॲव्हरेज वाढवून दे" म्हणायचा आणि मी कार्बोरेटरचं जेट बारीक करून, स्क्रू फिरवून गाडी कोरडी, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशी करून द्यायचो. महिनाभर तो खूश, चार जणांना माझं नाव सांगायचा. मग उन्हाळ्यात इंजिन तापायचं, आणि एका गाडीचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेनं जळून चिरलेला बाहेर आला. तो व्हॉल्व्ह मी बरीच वर्षं ड्रॉवरमध्ये ठेवला होता. शिकाऊ पोरगं स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरकडं वळलं की दाखवायला.

पैशाचंही बघून घ्या, म्हणजे कुठं थांबायचं ते कळेल. महिन्याला पंचवीस दिवस, ११२५ किलोमीटर. ४६ ला साडेचोवीस लिटर लागतं, ५५ ला साडेवीस. चार लिटर वाचलं, लिटरला १०५ धरले तर सव्वाचारशे रुपये. पण ५५ वरून ६० ला गेलात तर वाचणार पावणेदोन लिटरच्या आत. आकडा जितका वर जातो तितका प्रत्येक किलोमीटर कमी पैसे देतो. त्यामुळं ५५ आलं की समाधान माना. साठसाठी जीव टाकू नका, आणि त्यासाठी कुणाला गाडी उघडू तर अजिबात देऊ नका.

तर तुमच्यासाठी क्रम असा. आज संध्याकाळी घरी पोचल्या पोचल्या दोन्ही ड्रमना जपून बोट लावा, मग डबल स्टँडवर चाकं फिरवा. उद्या सकाळी थंड टायरला हवा आणि चेन. त्यानंतर टाकी भरून मोजायला सुरुवात करा. पहिली टाकी नेहमीसारखीच चालवा, दुसरी हायवेला ६० नं आणि सिग्नलला लवकर हात सोडून. एकेका टाकीवर निकाल लागत नाही, पण अंदाज येईल; दोन्ही टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर लिहून पाठवा, आणि मागचं चाक किती फेऱ्यांत थांबलं तेही. दोन्ही टाक्यांत फरक पडला नाही तर रविवार सोडून कधीही सकाळी दहाच्या आत गाडी आणून ठेवा, इंजिन थंड होऊ दे. ते गॅस्केट मला गाडी चालू करायच्या आधीच बघायचंय.